पीठ, पाणी, आणि तिसरं काही नाही

रविवार, ११ जानेवारी

देवळात सातची मिस्सा. शेवटचा बाक, खांबाच्या मागे. कम्युनियनची भाकर घ्यायला उठलो नाही. आय रांगेतून परत येताना माझ्याकडे बघते आणि मान खाली घालते. आजही तेच.

माझी बायको सुझान गेल्यापासून असं चाललंय. जेवण उतरतं, चहा उतरतो. फक्त देवळात, फादर होस्ट, ती भाकरीची पातळ चकती, वर उचलतात तेव्हा घसा आतून मूठ वळल्यासारखा बंद होतो. पहिल्यांदा तिच्याच अंत्यविधीच्या मिस्सेला झालं. तेव्हापासून रांगेत उभा राहिलो नाही. तोंडात घेतला आणि उतरलाच नाही तर? थुंकता येत नाही, पडू देता येत नाही. सगळी आळी बघत असते.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले, घशात काही नाही. रोज चार ओळी लिहीत जा, बरं वाटेल. म्हणून ही वही.

मंगळवार, १३ जानेवारी

सातिवलीत, कारखान्यात, दिवसभर हीटरच्या कॉइल. दुपारी मालकांनी बोलावलं. एका कॉन्व्हेंटमध्ये होस्ट भाजायचं मशीन आहे, ते एका बाजूने करपवतंय. "सिस्टर लोकांचं काम आहे विल्सन. तूच जा. तुझ्यासारखा चिकट माणूसच पाहिजे तिथे." चिकट म्हणजे नीटनेटका, असं त्यांना म्हणायचं असावं.

जायची इच्छा नव्हती. नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

कॉन्व्हेंटमध्ये गेलो. मागच्या अंगणात, विहिरीच्या बाजूला एक खोली. आत दोन जाड लोखंडी तव्यांचं मशीन, एकावर एक मिटणारं. खालच्या तव्यावर कोरीव क्रूस. पातळ पीठ ओतायचं, वरचा तवा दाबायचा, वाफ शिट्टी मारून बाहेर येते, आणि कागदासारखी पांढरी पोळी तयार. ती रात्रभर दमट फडक्यात ठेवायची, नाहीतर कापताना तुटते. दुसऱ्या दिवशी गोल साच्याने कापायची.

हे सगळं सिस्टर आग्नेस करतात. उंचीने माझ्या खांद्याला, चष्म्याला दोरी. उजवा हात वर जात नाही, खांदा धरलाय.

"नाव काय?"

"विल्सन."

"शिकलास किती?"

"नववी. डॅडी गेले, मग कामाला लागलो."

"मग बरं. जास्त शिकलेले आले की आधी मला मशीन समजावून सांगतात."

डाव्या बाजूची कॉइल गेली होती. बदलली. थर्मोस्टॅटची वायर सैल होती, तीही घट्ट केली. चालू करून सगळीकडे सारखा रंग येतो का ते बघत बसलो. सिस्टर म्हणाल्या, "झालं रे, लग्नाची मुलगी बघतोस काय?"

निघताना वाटीभर कातरण दिली. होस्ट कापल्यावर उरणाऱ्या जाळीदार पट्ट्या. लहानपणी देवळामागे यासाठी आम्ही मुलं भांडायचो. गेटबाहेर येऊन एक तोंडात टाकली.

उतरली. काही झालं नाही.

म्हणजे वस्तूची भीती नाही. मग कशाची?

शनिवार, २४ जानेवारी

सिस्टरांनी पुन्हा बोलावलं. मशीनला काही झालं नव्हतं. म्हणाल्या, "तवा दाबायला हात लागतो. माझा एकच उरलाय." शनिवारी आमची अर्धी सुट्टी. थांबलो. त्या ओततात, मी दाबतो. दाबून धरायचं, वाफ थांबली की उघडायचं. लवकर उघडलं तर पोळी फाटते, उशीर झाला तर पिवळी पडते. मध्ये दुसरं काही मनात येत नाही. यायला जागाच नसते.

घरी आल्यावर लक्षात आलं, रोजच्यासारखं गॅसचं बटण परत परत बघायला उठलो नाही. देवा, आभार.

रविवार, १ फेब्रुवारी

शेवटचा बाक. उठलो नाही.

मिस्सेनंतर बाहेर आमच्या शेजारचे रेमी अंकल. "काय रे, तू म्हणे होस्ट बनवतोस. आणि बसतोस खांबामागे. हलवायाला गोड चालत नाही काय?" तिघे-चौघे हसले. मीही हसलो. मला असं का होतं कळत नाही, कोणी लागेलसं बोललं की मी त्यांच्याबरोबर हसतो.

आय मागे होती. "रेमी, तुझ्या कोंबड्या माझ्या वाडीत येतात. त्या रांगेत लाव आधी."

 घरी ताट वाढताना म्हणाली, "मी तुला इचारनार नाय. पन कोन इचारलं तर काय सांगू, तेवढं सांगून ठेव."

म्हटलं, सांग घसा दुखतो.

"सा महिने?"

तिने माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात ठेवला.

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज कापायला शिकलो. साचा खाली दाबायचा, टक्. मग चाळणीत घालून चुरा काढायचा, मग निवडायचे. कडा तुटलेला बाजूला, डाग असलेला बाजूला. सिस्टर म्हणाल्या, इतका निवडत बसलास तर लोकांना ईस्टरच्या सणालाच मिळतील. पण बाजूला काढलेल्यांतला एकही त्यांनी परत टाकला नाही, हे मी पाहिलं.

कारखान्यात इतकं बघून काम केलं की म्हणतात, वेळ घालवतो. शाळेत म्हणायचे, एका ओळीवर तास लावतो. सुझान, माझी सु., म्हणायची, "तुझ्यासाठी जगच खडबडीत आहे." इथे मात्र बघूनच करायचं असतं. एवढंच काम आहे.

त्यांनी विचारलं, घरी कोण कोण? म्हटलं, आय आणि मी. बायको गेली. सातवा महिना होता. कावीळ.

त्यांनी हातातलं काम ठेवलं नाही. फक्त म्हणाल्या, "बाळाचं नाव ठरवलं होतं?"

आजपर्यंत हे कोणी विचारलं नव्हतं. ठरवलं होतं. सांगितलं. इथे लिहीत नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. रांगेत गेलो, कपाळाला राख लावून घेतली. राख गिळावी लागत नाही. आय खूश झाली. तिला वाटलं, सुरुवात झाली. 

नायगाव डोळ्यांसमोर येत राहिलं. सु. ची मम्मी तिथे नव्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर एकट्या राहतात. सु. च्या महिन्याच्या मिस्सेनंतर त्यांचा फोन नाही, माझाही नाही. त्यांनी देवळात जाणं बंद केलंय असं आयला बाजारात कोणीतरी सांगितलं. मी फोन हातात घेतो. काय बोलणार? तुमची मुलगी माझ्या घरी होती आणि...

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा एकट्याने सगळं केलं. सिस्टरांना खांदा दाखवायला हॉस्पिटलात नेलंय, उद्या दुपारी येतील. मालकांकडून आज दुपारनंतरची आणि उद्याची सुट्टी मागून घेतली. पीठ भिजवलं, गाठी राहू दिल्या नाहीत, भाजलं. पोळ्या एकदम पांढऱ्या. एकही फाटली नाही. फडक्यात ठेवून आलो.

इतकं हलकं कधी वाटलं होतं आठवत नाही. मला एक काम सोपवलं गेलं आणि मी ते केलं. प्रभू येशू, आभार. सु., तू असतीस तर तुला एक पोळी उजेडात धरून दाखवली असती. पलीकडचं दिसतं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी कापलं, निवडलं, पाकिटं भरली. बारापर्यंत पाच देवळांची माणसं येऊन घेऊन गेली. दोन वाजता सिस्टर आल्या, हात गळ्यात बांधलेला. खोलीभर नजर टाकली, "शाब्बास" म्हणाल्या. जाता जाता कातरणीचा एक तुकडा तोंडात टाकला.

चावता चावता थांबल्या.

"विल्सन. पिठात काय घातलंस?"

"पीठ, पाणी."

"आणि?"

"आणि काही नाही. मीठ. चिमूटभर."

सांगताना मला ऐकू आलं, मी काय बोललो ते. घरी भाकरीची उकड मीच काढतो, आय शेजारी उभी असते, "मीठ घातलं का" म्हणून. पिठात मीठ न घालता हात पुढे जातच नाही. काल एका टोपाला घातलं, मग दुसऱ्यालाही. चुकतोय असं वाटलंच नाही. उलट वाटलं, नीट करतोय.

सिस्टर स्टुलावर बसल्या. "अरे बाबा, भजी आहेत का ती?"

मग सांगितलं. गव्हाचं पीठ आणि पाणी. तिसरं काही नाही. शेकडो वर्षांचा नियम. मीठ नाही, साखर नाही, दूध नाही. असे होस्ट वेदीवर चालत नाहीत. आणि संध्याकाळपासून रविवारच्या मिस्सा सुरू.

 डोळ्यांसमोर सगळी देवळं, सगळ्या रांगा, सगळे हात. मी म्हटलं, सिस्टर, मी जातो, परत येणार नाही. त्या म्हणाल्या, "जायचं तर आहेच. स्कूटर काढ. मी मागे बसते."

एका हाताने मला धरून, एक हात गळ्यात. रस्ताभर मागून, "सावकाश, मला अजून नवा खांदा मिळाला नाही." प्रत्येक देवळात त्याच पुढे. "फादर, ती पाकिटं परत द्या, एक चूक झालीय, जुना साठा वापरा." कोणाची चूक ते एकदाही सांगितलं नाही. मी बाजूला उभा राहून सगळीकडे मान हलवत होतो.

चार ठिकाणची पाकिटं बंद मिळाली.

पाचवं नायगावचं छोटं देऊळ, टॉवरच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला. आम्ही पोचलो तेव्हा शनिवारची मिस्सा संपून लोक बाहेर पडत होते. पाकीट फुटलं होतं. फादर तरुण आहेत. ऐकलं, दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग हसू दाबत म्हणाले, "म्हणूनच. एक आजोबा आत्ता म्हणून गेले, फादर, आज काहीतरी वेगळं होतं, असंच ठेवा."

सिस्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गंभीर झाले. म्हणाले, वर विचारतो, काय करायचं ते मी बघेन. मग माझ्याकडे वळले. "तूच का तो? मुद्दाम केलंस?"

"नाही फादर."

"मग घरी जा आणि जेव."

परत येताना सिस्टरांना विचारलं, मीठ का नको? इतकीशी तर गोष्ट. त्या म्हणाल्या, "बायबलात, गुलामीतून निघायच्या घाईत ज्यांनी भाकर केली त्यांच्याकडे होतं ते एवढंच. आणि चव आली की माणूस चवीसाठी येईल."

पुढच्या शनिवारी कोण दाबणार तवा, हे मी विचारलं नाही. गेटपाशी उतरताना त्यांनी स्वतःच सांगितलं, "शुक्रवारी मी पिठाशी उभी राहीन. तुझ्या हातावर लक्ष ठेवायला. मीठ कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात."

जेवण गेलं नाही. तरी आभार. हाकललं नाही मला.

सोमवार, २ मार्च

काल रेमी अंकलना कळलेलं होतं. "विल्सन, पुढच्या वेळी लिंबूही पिळ." या वेळी मी हसलो नाही. त्यांच्याकडे बघत राहिलो. तेच म्हणाले, "बरं बरं, मस्करी करतो."

बुधवार, ४ मार्च

सु. च्या मम्मींचा फोन. नाव दिसलं तेव्हा हातातून पक्कड पडली.

"विल्सन, रविवारी येतोस का जेवायला?"

"हो मम्मी."

"सुकट करते. तुला आवडते ना."

एवढंच. मी मशीनजवळ कितीतरी वेळ उभा होतो. मालक म्हणाले, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही. उलट आहे.

रविवार, ८ मार्च

सकाळी मिस्सा, शेवटचा बाक. मग नायगाव.

बारावा मजला. खिडकीतून खाडी, पलीकडे मिठागरांचे चौकोन. सु. चा फोटो भिंतीवर, लग्नाआधीचा. मम्मी बारीक झाल्यात. आम्ही दोघंही तिच्याकडे न बघता जेवलो.

ताटं उचलताना त्याच बोलल्या. "आठवड्यापूर्वी, शनिवारी, देवळात गेले. सहा महिन्यांनी. असंच, खाली उतरले होते, घंटा ऐकली, गेले. कम्युनियन घेतलं. तोंडात ठेवलं आणि खारट लागलं. मला वाटलं, मी रडतेय. डोळ्यांना हात लावला तर कोरडे. मला वाटलं, आतून रडतेय. आत इतकं साचलंय की ते तोंडात आलं. विल्सन, मी बाकावर बसून इतकी रडले, इतकी रडले. तिच्या मरणालाही नव्हते रडले तेवढी. बाजूची बाई पाणी घेऊन आली. घरी येऊन झोपले, ती थेट सकाळी उठले."

मी ताट हातात धरून उभा.

सांगायचं की नाही? नाही सांगितलं तर मम्मींचं जे झालं ते तसंच राहील. सांगितलं तर? पण मी काही लपवून ठेवलं की मला झोप येत नाही, आणि ही बाई सुझानची आई आहे.

"मम्मी, ते खारट होतं. खरंच खारट. मी मीठ घातलं होतं."

"काय?"

सगळं सांगितलं. कॉइल, सिस्टर आग्नेस, उकड, पाच देवळं, स्कूटर. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग ओठ हलले. मला वाटलं, आता रडतील. त्या हसल्या. आधी नुसता श्वास, मग पोट धरून, खुर्चीवर बसून. "भाकरीसारखं! देवाच्या भाकरीत मीठ! अरे ती सुझी म्हणायची, विल्सन पाण्यालाही मीठ लावून पिईल!"

हे ती म्हणायची? मला माहीत नव्हतं. मीही हसलो. या वेळी मला खरंच हसू आलं होतं.

मग त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मीठ असू दे नाहीतर नसू दे. रडले ते खरं ना?"

"खरं."

"मग झालं. तू घेतोस का रे?"

"नाही."

"का?"

"घसा बंद होतो."

त्यांनी डॉक्टरांचं विचारलं नाही. म्हणाल्या, "माझा पाय उचलत नव्हता. दरवाजापर्यंत जायचे आणि परत यायचे. तिला ज्याने नेलं त्याच्या घरी कशाला जाऊ, असं वाटायचं. अजून वाटतं. पण आता जाते आणि मनात त्याच्याशी भांडते. ते घरात बसून भांडण्यापेक्षा बरं."

आज खूप लिहिलं. हात दुखतोय. आभार कशा-कशाचे लिहू?

शनिवार, १४ मार्च

काल सिस्टर पिठाशी उभ्या होत्या, खरंच. मी पाणी घातलं, "आणि?" मी म्हटलं, "आणि काही नाही." असं प्रत्येक टोपाला.

मम्मींचं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "हे फादरांना सांगू नकोस. ते प्रवचनात घालतील. आणि तू परत मीठ घालू नकोस, एकदा चाललं म्हणून."

जूनमध्ये त्यांना म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी पाठवणार आहेत. खांदा सुधारत नाही. मशीन बंद करून होस्ट बाहेरून मागवायचे असं वर ठरतंय, कारण करणारं कोणी नाही. "तू करशील का? शुक्रवार-शनिवार. मी आमच्या मोठ्या सिस्टरांना, सुपीरियरना विचारते."

मी हो म्हणालो. विचार न करता. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

मग घरी येऊन विचार सुरू झाला. मी स्वतः घेत नाही. उरलेल्या सगळ्यांसाठी करायचं आणि आपण खांबामागे बसायचं, हे चालेल का? कोणाला फसवतोय का मी?

गुरुवार, १९ मार्च

सुपीरियरनी बोलावलं. सगळं नीट विचारलं. कामाचे तास, आरोग्य, घर. शेवटी, "कम्युनियनला जातोस ना नियमित?"

"नाही, सिस्टर."

 मी सांगितलं, सात-आठ महिन्यांपासून. कारण सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं. विचार करून सांगते. ईस्टरनंतर बोलू." आवाज कडक नव्हता. तरी जिना उतरताना एक पायरी चुकली.

सिस्टर आग्नेसना बाहेर गाठलं. त्यांना पहिल्यांदाच कळलं. मला वाटलं, चिडतील. "वेड्या, एवढे दिवस माझ्या शेजारी उभा होतास आणि बोलला नाहीस?"

"भीती वाटली. काम जाईल."

"मी तिच्याशी बोलेन. पीठ विचारत नाही, कोण भाजतंय. पण तुला एक सांगू? घशावर जबरदस्ती करू नकोस. तो उघडेल तेव्हा उघडेल. खांबामागून मात्र बाहेर ये. घसाही बंद, खांबही आडवा, दोन्ही एकदम कशाला?"

रविवार, २२ मार्च

खांबाच्या अलीकडचा बाक. वेदी समोर सरळ दिसते. होस्ट उचलला तेव्हा घसा आवळला, पण मी डोळे मिटले नाहीत. तो पातळ आहे, उजेड आरपार जातो, हे मला माहीत आहे. तो कसा होतो, कुठे वाफ येते, कुठे टक् होतं, सगळं माहीत आहे. आणि फादरांच्या हातात गेल्यावर त्याचं जे होतं, ते मला अजिबात माहीत नाही. याचीच भीती वाटत असावी. याचाच आधार पण. दोन्ही एकदम कसं, ते लिहिता येत नाही.

उठलो नाही. बसून प्रार्थना केली. सु. साठी, बाळासाठी, नावाने.

रविवार, २९ मार्च

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. मिरवणुकीत आयच्या शेजारून चाललो. रेमी अंकलनी मला त्यांच्या झाडाची झावळी दिली, काही न बोलता. कोंबड्या अजून आमच्याच वाडीत आहेत.

गुरुवार, २ एप्रिल

आज्ञा गुरुवार, येशूच्या शेवटच्या भोजनाचा दिवस. आठवडाभराचं काम आज संपलं, सणाचे सगळे होस्ट गेले. काल मालकांनी पूर्ण दिवस सोडला. "जा, तुझा सीझन आहे." भाजायच्या त्या शेवटच्या दिवशी सिस्टरांनी स्टूल दाराबाहेर ठेवलं आणि आत आल्याच नाहीत. बाहेरून फक्त, "आणि?" मी आतून, "काही नाही!" कपाटाची किल्लीही मला दिली. म्हणाल्या, "आता हरवली तरी तुझी."

संध्याकाळी मिस्सेत, येशूने शिष्यांचे धुतले तसे, फादरांनी बारा जणांचे पाय धुतले. बारापैकी एक रेमी अंकल. त्यांचे पाय इतके स्वच्छ मी जन्मात पाहिले नव्हते. आय कानात म्हणाली, "सकालपासून दगडाने घासतोय, बायको सांगत व्हती." मला हसू आवरलं नाही. देवळात, सुझान गेल्यावर पहिल्यांदा.

शुक्रवार, ३ एप्रिल

गुड फ्रायडे. उपवास. देवळात क्रूसाच्या वाटेची प्रार्थना. दुपारी तिच्या कबरीवर गेलो, मोगरा ठेवला. तिथे मम्मी आधीच होत्या, नायगावहून रिक्षाने आल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून गवत काढलं. सु. चं नाव आहे त्या ओळीतली माती मी नखाने काढली, त्या बघत बसल्या.

निघताना म्हणाल्या, "रविवारी मी तुमच्याकडे येते. सातच्या मिस्सेला. आपण मागेपुढे उभे राहू. मी पुढे. माझ्या पाठीकडे बघत ये. नाही जमलं तर हात छातीवर ठेव, फादर आशीर्वाद देतील. कोणाला काय कळतंय?"

"सगळ्यांना कळतं मम्मी. आमची आळी आहे."

"कळू दे मग."

रविवार, ५ एप्रिल

पुनरुत्थानाचा सण. पहाटेपासून अंगणात फुलं, पोरांचे नवे कपडे. मम्मी साडेसहालाच आल्या. आयने त्यांना मिठी मारली. 

तिघं एका बाकावर. खांब मागे राहिला. होस्ट उचलला, घसा आवळला, नेहमीसारखा. मम्मी उठल्या. त्यांच्यामागे मी. आय माझ्यामागे, तिचा हात माझ्या पाठीला लागत होता, मुद्दाम की गर्दीने, माहीत नाही.

पुढे मम्मींची पाठ, निळी साडी, अंबाड्यात अबोली. तेवढंच बघत गेलो. "ख्रिस्ताचे शरीर." त्या आमेन म्हणाल्या, बाजूला झाल्या. आणि माझ्यासमोर एकदम काही उरलं नाही, फक्त फादर आणि त्यांचा हात.

"ख्रिस्ताचे शरीर."

हात छातीकडे चालला होता. तो पुढे कसा गेला ते मला सांगता येत नाही. "आमेन." वजन काहीच नाही. तोंडात ठेवला. घसा बंद. बाजूला सरकून उभा राहिलो, भिंतीशी, माणसं जवळून जात होती. मनात म्हटलं, तिला का नेलंस ते मला अजून कळत नाही. पण माझे हात कामाला लावलेस, मम्मींना हसवलंस. आता हे तूच बघ, मला गिळता येत नाही. तो जिभेवर मऊ झाला. होतोच तो, पाण्याने. पीठच ते. आणि पीठ नाही ते. कधी उतरला कळलं नाही. बाकावर आलो तेव्हा मम्मींनी हातरुमाल पुढे केला, म्हणजे मी रडत होतो.

बाहेर सिस्टर आग्नेस, आमच्या देवळात खास आल्या होत्या.  "बुधवारी सुपीरियर बोलावणार तुला. काय सांगणार?" म्हटलं, जे आहे तेच. आज झालं. पुढचं माहीत नाही. "तेच सांग. त्यापेक्षा जास्त सांगशील तर ती ओळखेल."

दुपारी घरी जेवण. भात, सुकट, रेमी अंकलकडची कोंबडी. आयने ती कापून आणायला लावली म्हणे, हिशेब मिटला.

चारला मम्मींना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. त्या आत बसल्या, साडी सावरली.

"पुढच्या रविवारी येऊ?"

"या ना मम्मी."

"येते. पण पुढे तू. मी मागे."

 रिक्षावाल्याने विचारलं, निघू? त्यांनी त्याला थांबवलं, माझ्याकडे बघत राहिल्या.

"बघू," मी म्हणालो.

"बघू म्हणजे?"

तेवढ्यात मागून टेम्पोने हॉर्न दिला आणि रिक्षा निघाली. त्या बाहेर वाकून अजून उत्तर मागत होत्या.